खाकरणारी कडी

डोमाजी मेस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी दाराला भेटतात, मग माणसांना. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन “या, बसा” म्हणत उभी होते. हे मात्र उंबरठ्यातच थांबले, डोळे मिटले, कडीला कान लावला आणि ती हळूहळू वर-खाली करू लागले. डॉक्टर छातीला नळी लावून “श्वास घ्या” म्हणतात ना, तसा सगळा कारभार.

“काटेबाई,” ते डोळे न उघडताच म्हणाले, “ही कडी कोनं बसवली जी?”

“माझ्या सासऱ्यांनी.”

“हायेत का?”

“वारले.”

“मंग जाऊ द्या,” ते सुस्कारा टाकून म्हणाले. “गेलेल्या मानसाले का बोलाव.”

मग ते आत आले, पाणी प्यायले आणि जाता जाता आमच्या न्हाणीघराची कडी दुरुस्त करून गेले. ती इतकी उत्तम दुरुस्त झाली की माझे यजमान आत अडकले. डोमाजींना परत बोलावलं. ते बाहेर उकिडवे बसून शांतपणे आतल्या माणसाला शिकवू लागले, “आधी थोडी उचला. आता थांबा. तिले वाटू द्या का आपन घाईत नाही. आता वढा.” यजमान घाईत होते, त्यांच्या अंगाला साबण होता. कडी काही बधली नाही. तेव्हापासून आमचे यजमान बादली अंगणात नेतात आणि मोहाडीत डोमाजींचं नाव निघालं की दुसरा विषय काढतात.

मला काटेबाई म्हणतात, कारण मी तंबाखूच्या गोदामात वजनकाट्यावर बसते. माझ्या जिभेवरूनही म्हणत असतील, पण तसं तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही. आमचं गोदाम मोहाडीच्या बाहेर, जिथं घरं संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं आहे. डोमाजी तिथले मेस्त्री. त्याआधी ते सिहोऱ्याच्या एका राइस मिलमध्ये होते. घराणं मासे धरणाऱ्यांचं. बाप तलावात, भाऊ तलावात, आणि हे एकटेच लोखंडात गेले. “पान्यात पाय टाकला का मले सर्दी होते,” असं कारण ते सांगतात. खरं कारण असं की तलावाला दार नसतं.

दार म्हटलं की माणूस वेगळाच होतो. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांना दिसलं की मिठाई ठेवलेल्या खोलीची कडी ढिली आहे. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात पेचकस, तोंड खोलीकडे. प्रत्येक “सावधान”ला न बघताच अक्षता मागे फेकत होते. नवरा-नवरीला एक दाणा लागला नाही, सगळे दाणे भटजींच्या डोक्यावर. पण त्या लग्नात मिठाई शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली, हेही खरं आहे, आणि त्याचं श्रेय डोमाजी आजही घेतात. घेतात म्हणजे मागून घेतात. नम्रपणा हा त्यांचा गुण नाही.

एकदा लाखांदूरहून एस.टी.नं आम्ही बरोबर आलो. गाडीचं दार सुतळीनं बांधलेलं. डोमाजींनी ते पाहिलं आणि रिकामी जागा सोडून दाराशी जाऊन उभे राहिले, हातानं दार धरून. कंडक्टर म्हणाला, “काका, बसा नं.” हे म्हणाले, “मी बसलो तं हे बसन नाही.” थोड्या वेळानं प्रत्येक थांब्यावर कंडक्टरच यांना सांगू लागला, “काका, उघडा. काका, लावा.” उतरणाऱ्या म्हाताऱ्या यांनाच आशीर्वाद देऊन गेल्या. मी खिडकीशी बसून हसत होते. पण त्या दिवशी त्या दाराजवळ एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती, आणि डोमाजींनी गाव येईपर्यंत हात बदलला नाही, हे मी पाहिलं होतं.

माणसांचीही त्यांनी कड्यांवरून वर्गवारी केलेली आहे. आमचे मॅनेजर साहेब म्हणजे साखळी. “दार उघडते, पन पुरा नाही उघडत. फटीतूनच बोलते.” पिरेसवर हातोडा चालवणारा घनश्याम म्हणजे टॉवर बोल्ट. “सरका जाते, सरका येते. वाकडा जाव म्हनलं तं त्याले समजतच नाही.” मी एकदा धीर करून विचारलं, मी कोण? ते म्हणाले, “तुमी कोयंडा जी. जागचा हालत नाही, पन त्याच्याबिगर कुलूप लागत नाही.” मी ते घरी जाऊन यजमानांना दोनदा ऐकवलं.

आता पिरेसबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे तंबाखू पोत्यांतून येतो, मोकळा, फुगलेला. तो चाळायचा, त्यावर पाण्याचा हलका हात मारायचा, मग एका उभ्या लोखंडी पेटीत भरायचा. वरून यंत्रानं दाब आला की पेटीभर तंबाखूची घट्ट लादी होते. समोरचं दार उघडून ती काढायची आणि गोणपाटात शिवायची. ही पेटी म्हणजे प्रेस. तिला प्रेस फक्त मॅनेजर साहेब म्हणतात, बाकी सगळ्यांची ती पिरेस.

दाबलेला तंबाखू दाराला आतून रेटत असतो. ते दार एका जाड आडव्या पट्टीनं बंद असायचं आणि पट्टीत पाचर ठोकलेली. उघडायच्या वेळी घनश्याम बाजूला उभा राहून “हटाऽऽ” म्हणून ओरडायचा आणि हातोड्यानं पाचर उडवायचा. मग ते दार असं धाडकन यायचं की गोदामातली कबुतरं रोज नव्यानं घाबरायची. “दार लावनं सोपा हाय जी,” डोमाजी म्हणायचे, “सोडनं कठीन.” पण मालकाला ते दार तसंच चालत होतं, त्यामुळे कुणी त्याला हात लावू देत नव्हतं.

त्या दारासमोर पारबताबाई उभी असायची. दार उघडलं की लादी ओढायची आणि कडांचा भुगा सुपात झाडून घ्यायचा हे तिचं काम. पारबताबाई डोमाजींच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे त्यांची भावसून. एका वर्षी गावात मोठा ताप आला. त्यात तिचा नवरा गेला आणि तिचे कान गेले. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती बोलते ते सगळ्या तालुक्याला उद्देशून असतं. गुपित म्हणून तिनं मला सांगितलेली गोष्ट मॅनेजर साहेबांनी केबिनमधून दुरुस्त केली आहे. उत्तरं तिला आम्ही बायका हातांनी देतो. आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. डोळ्यांभोवती बोटांची गोल कडी म्हणजे मॅनेजर साहेब. बोटाला टोचल्यासारखं करून हात झटकला की मी. मनगटाभोवती बोट फिरवलं की भाऊ, आणि पदर नाकापर्यंत ओढला की भासरा.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडच्या जुन्या घरांत भावसून भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर येत नाही, त्याच्या अंगाला तर सोडाच, अंगरख्यालाही हात लावत नाही. भासराही घरात शिरताना खाकरून शिरतो, म्हणजे तिला पदर सावरून आत व्हायला वेळ मिळतो. डोमाजींचं आणि पारबताबाईचं अंगण एक, खोल्या दोन. डोमाजींचं लग्न झालं नाही. पूर्वी काही निरोप असला की ते दाराशी बोलायचे, “अगा दरवाजा, तांदूर सरले असतीन तं सांग.” ती आतून चुलीला सांगायची, “सरले नाही, पन तेल सरलं मनाव.” असा दोघांचा संसारी व्यवहार दाराच्या आणि चुलीच्या मध्यस्थीनं व्यवस्थित चालायचा. तिचे कान गेल्यावर दाराचा काही उपयोग राहिला नाही. तिनं ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि त्यांनी ते रिकामं करून तिथंच ठेवायचं, एवढंच उरलं. गोदामातही ते तिच्या समोर यायचे नाहीत. ती पिरेसवर असली की हे पोत्यांच्या थप्पीमागे.

होळीनंतरच्या एका दुपारी पारबताबाई पाठ करून सूप झाडत होती. घनश्याम ओरडला. तिनं नेहमीप्रमाणे त्याच्या हातोड्याकडे पाहिलं असेल असं त्याला वाटलं. दार आलं, आणि तिच्या हातातलं सूप पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटलं. ती वाचली, कारण त्याच क्षणी ती खाली वाकली होती. घनश्याम मटकन खाली बसला आणि रडू लागला. पारबताबाई त्यालाच ओरडली, “माहा सूप फोडला नं बावा!”

मॅनेजर साहेब साखळी असले तरी वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, “उद्या सुपाच्या जागी तिचं डोकं असेल. माझ्याच्यानं हे बघवत नाही. अक्षय तृतीयेला कामं नव्यानं लागतात, तेव्हापासून बाई पिरेसवर नको. घरी बिड्या वळायला देऊ.” आमच्यातल्या कमलाबाईनं हातांनी ते तिला सांगितलं, तशी पारबताबाई अशी तडकली की बाहेर रस्त्यावरच्या सायकली थांबल्या.

“घरी कायले? घरी कोन हाय? भिंतीसंग बोलू का? येथी चार बाया हात हालवतेत तं मले समजते का मी जित्ती हावो!”

थप्पीमागे काहीतरी खाली पडलं. बहुधा पाना असावा.

दुसऱ्या दिवशी डोमाजी मॅनेजर साहेबांसमोर उभे राहिले आणि त्यांनी पिरेसची कडी बदलायची परवानगी मागितली. मागितली म्हणजे, “देता का मी घेऊ?” असं विचारलं. साहेब म्हणाले, अक्षय तृतीयेपर्यंत काय करायचं ते करा. उघडणाऱ्यानं ओरडलं नाही तरी बाई सुरक्षित राहील असं दार दाखवा, मी तिला हलवणार नाही.

मग डोमाजींनी जो धिंगाणा घातला त्याला तोड नाही. पहिली कडी त्यांनी अशी मजबूत केली की ती उघडलीच नाही. आत लादी, बाहेर आम्ही. डोमाजी दाराशी बसून तिला समजावत राहिले, मग तिच्यावर रुसले, मग तिला तेल पाजलं. अखेर गॅसचा कटर आणून ती कापावी लागली. कापताना ते बाहेर जाऊन उभे राहिले. दुसरी कडी फार समजूतदार निघाली. घनश्याम शिंकला आणि ती उघडली. तंबाखूच्या गोदामात शिंकू नका म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणणं, त्यामुळे तीही गेली. मॅनेजर साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. डोमाजींची दाढी वाढली. येता-जाता दिसेल त्या दाराला ते विचारू लागले, “तू कशी सोडतं बे?”

एका रविवारी ते माझ्याकडे आले. माझी सून अंगणात केस धुवत होती. डोमाजी फाटकाशी थांबले आणि जोरात खाकरले. सून लगबगीनं उठली, केस गुंडाळले, पदर घेतला आणि आत गेली. मग डोमाजींनी फाटक उघडलं, एक पाय आत टाकला, आणि तसेच थिजले. एक पाय आत, एक बाहेर.

“काटेबाई,” ते कुजबुजले, “मी आता का केलो?”

“खाकरलात.”

“कायले?”

“सून अंगणात होती म्हणून.”

“खाकरलो. मंग थांबलो. मंग आलो.” त्यांचे डोळे मोठे होत गेले. “एकदम नाही आलो. होय का नाही? एकदम नाही आलो!”

“अहो, पण आत तर या.”

ते आत आले नाहीत. फाटक तसंच टाकून “खाकरलो, थांबलो, आलो” असं पुटपुटत बांध्यांतून सरळ गोदामाकडे निघाले. फाटकाची कडी न लावता डोमाजी मेस्त्री निघून गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या गल्लीत अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

ती कडी तयार झाली तेव्हा मी तिथं होते, आणि जे पाहिलं ते नीट सांगायला मला शब्द अपुरे पडतात. दाराच्या काठाला एक जाड लोखंडी जीभ, तिला दोन खाचा. त्या जिभेला जोडलेला लांब दांडा पार पेटीच्या बाजूपर्यंत नेलेला. दांडा उचलला की जीभ पहिल्या खाचेतून सुटते आणि दुसरीत अडकते. दार बोटभर उघडतं आणि थांबतं. आतला सगळा रेटा त्या फटीतून बाहेर येतो, “खॅऽऽक” असा आवाज होतो, बारीक भुगा उडतो आणि दार गप्प होतं. मग दांडा आणखी उचलायचा की ते हळूच उघडतं, पाहुणी दारात आल्यासारखं.

इतकी वर्षं ज्या दारानं आम्हाला दचकवलं ते आज इतक्या अदबीनं आलं, की गोदामातल्या कबुतरांनाही ते कळलं नाही.  माझे हात आपोआप जोडले गेले. मला हात जोडायची सवय नाही, देवळातसुद्धा मी घाईत असते.

भानावर आला तो घनश्याम. तो म्हणाला, “पन मेस्त्री, त्या बाईले खाकरलेलं ऐकू येते का?”

“तिले कायले ऐकाले लागते?” डोमाजी म्हणाले. त्यांची छाती फुगलेली होती. “दांडा तिच्याच हातात राहीन. दांडा बाजूले हाय, म्हनून तो धरून कोनी दारासमोर उभाच राहू शकत नाही. जो सोडन तोच हाटलेला राहीन. आपल्या हातानं सोडलेल्याची खबर कानाले कायले लागते?” मग चारी बाजूंना पाहून त्यांनी विचारलं, “हाय का असा मेस्त्री भंडारा जिल्ह्यात?” आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं. खोटं बोलायची गरजच नव्हती.

घोळ पुढे झाला. घनश्याम म्हणाला, “हा तं भासरा झाला! खाकरूनच येते!” सगळे खो खो हसले, डोमाजीही हसले, आणि कडीचं नाव भासरा पडलं. “भासरा उचल.” “भासऱ्याले तेल दे.” “आज भासरा बरा खाकरला.” दिवसभर तेच. पारबताबाई त्या दिवसांत भाचीच्या लग्नाला गेली होती, आणि या नावात काय खोट आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

ती परत आली त्या दिवशीच मॅनेजर साहेबांनी चाचणी ठेवली. अक्षय तृतीया तोंडावर आली होती. मालकाकडचे एक गृहस्थही बघायला आले होते. पिरेस भरली, दाब आला. कमलाबाईनं खुणेनं पारबताबाईला सांगितलं, हा दांडा तू उचल. पारबताबाईनं कौतुकानं दांड्याजवळ जाऊन गोदामभर विचारलं, “हे का होय वं?”

आणि कमलाबाईनं, सवयीनं, हसत हसत पदर नाकापर्यंत ओढून दाखवला.

पारबताबाईचा पुढे गेलेला हात चटका बसल्यासारखा मागे आला. तिनं पदर डोक्यावरून ओढला, पिरेसकडे पाठ केली आणि म्हणाली, “मी नाही हात लावत! भासरा होय तो! भासऱ्याले हात लावते का कोनी?”

आधी हशा पिकला. मग तो थांबला, कारण ती वळेना. कमलाबाईनं हात हलवून हलवून सांगितलं की नाही, हे लोखंड आहे, गंमत आहे. पण पारबताबाई डोळे जमिनीला लावून उभी. कान गेलेल्या माणसानं डोळे फिरवले की सांगणार कुठून? घनश्यामनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली.  मॅनेजर साहेब पाहुण्यांकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “तिच्या मनातच नाही. जाऊ द्या. घनश्याम, तू उघड. बाईंना घरचं काम देऊ.”

मला इतका राग आला, आमच्या हसण्याचा, त्या नावाचा आणि या जुन्या रीतीचा, की मी काट्यावरून उठलेच. पण माझ्याआधी थप्पीमागून डोमाजी बाहेर आले.

तिच्यासमोर ते गोदामात कधी आले नव्हते. आजही तोंड त्यांनी तिच्याकडे केलं नाही. खाली बघत ते पिरेसपाशी गेले आणि दाराला म्हणाले, “अगा दरवाजा, सांग तिले…” एवढं बोलून थांबले. दार सांगेल आणि ऐकेल कोण, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. 

मग त्यांनी शेजारच्या शिवलेल्या गोणपाटातून सुतळीचा तुकडा ओढून काढला. तो दांड्याभोवती गुंडाळला, गाठ मारली, आणि सुतळीची टोकं उसवून त्यांचा गोंडा केला. जाड्या बोटांनी तो गोंडा नीट फुलवला. नंतर, तसेच पाठमोरे, त्यांनी आपला डावा हात उंच केला आणि उजव्या हाताचं बोट मनगटाभोवती फिरवलं.

मी खाली बसले. ती आम्हा बायकांची खूण होती. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. इतकी वर्षं थप्पीमागे उभं राहून हा माणूस आमचे हात वाचत होता. ती काय बोलते हे तर सगळ्या तालुक्याला कळायचं. तिला कोण काय सांगतं हे कळावं म्हणून त्यांनी ती भाषा शिकून ठेवली होती, आणि रीतीपायी एकदाही वापरली नव्हती.

कमलाबाईनं पारबताबाईची हनुवटी धरून तिचं तोंड वळवलं. पारबताबाईनं पदराआडून आधी तो उंच केलेला हात पाहिला, मग दांड्यावरचा गोंडा. बराच वेळ पाहिलं. मग तिनं पदर कपाळापर्यंत वर घेतला.

“भाऊ होय का हा?” तिनं विचारलं. तिच्या मानानं आवाज बारीक होता, म्हणजे फक्त गोदामापुरता.

डोमाजींनी दाराकडे बघत मान हलवली.

पारबताबाई पुढे झाली. डोमाजी चटकन थप्पीमागे सरकले. तिनं गोंड्याखाली दांडा धरला आणि उचलला. “खॅऽऽक!” भुग्याचा ढग उडाला, पारबताबाई शिंकली, आम्ही सगळे शिंकलो, मालकाकडचे पाहुणे सर्वांत जास्त शिंकले. तिनं आणखी उचललं. दार हळूच उघडलं. आतली लादी अशी सुरेख चौकोनी निघाली की मॅनेजर साहेबांनी तिच्यावरून हात फिरवला. “बरं,” ते म्हणाले. मग साखळी सोडून पूर्ण दार उघडल्यासारखं म्हणाले, “बाई इथंच राहतील.”

तेव्हापासून कडीचं नाव भाऊ. चुकून भासरा म्हणणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असं मीच ठरवलं, आणि घनश्यामनं तो बऱ्याचदा पाजला.

राखीच्या दिवशी पारबताबाई बाजारातून मोठी, सोनेरी, स्पंजच्या फुलाची राखी घेऊन आली. पिरेसच्या दांड्याला कुंकू लावलं, राखी बांधली, दाराच्या कडेवर पेढा ठेवला आणि साऱ्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाली, “भाऊ, ओवारनी टाक बावा!” आम्ही हसून हसून बेजार. थप्पीमागे सामसूम.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडले. माझा चष्मा काट्यावर राहिला म्हणून मी परत आले. डोमाजी पिरेसपाशी एकटेच होते. शेजारी तेलाची बुधली. ते दांड्यावरची राखी सोडत होते, गाठ न कापता, नखानं. मला पाहून दचकले.

“तेल लागन जी तिले,” ते म्हणाले. “आन खाचेत अटकली तं पिरेस जाम होईन.”

“मग कुठं ठेवता?”

त्यांनी खिशाकडे पाहिलं, बुधलीकडे पाहिलं, मग मनगट माझ्यापुढे केलं. “एका हातानं बांधता येत नाही,” एवढंच म्हणाले.

मी बांधली.  त्यांनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं.

“पिरेसची हाय जी,” ते म्हणाले. “उद्या परत बांधून देतो.”

उद्या उजाडला, पोळा झाला, दसरा झाला. राखी पिरेसवर परत आली नाही. एक सूप हललं तरी गाव गोळा करणाऱ्या पारबताबाईनं, ती राखी कुठं गेली, हे आजवर कुणालाही विचारलेलं नाही.